कळंबोलीचे मलप्रक्रिया केंद्र

कळंबोली ही सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेली वसाहत. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि कळंबोली तिच्या हद्दीत आली. तळोज्याकडून येणारी कासाडी नदी वसाहतीजवळून वाहते, माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी पनवेलला वळसा घालते आणि दोन्हींचे पाणी शेवटी पनवेलच्या खाडीत जाते. सिडकोने उभारलेले मलप्रक्रिया केंद्र वसाहतीच्या सांडपाण्यापासून या पाण्याचे रक्षण करते.

अशा केंद्राची गरज इथे इतर ठिकाणांहून अधिक आहे. घाटावरच्या नदीत टाकलेली घाण निदान पुढे वाहत जाते. खाडीत मात्र दिवसातून दोनदा भरती येते आणि ओहोटीने नेलेले पाणी बरेचसे परत आणते. पावसाळा संपला की नद्यांचा प्रवाह रोडावतो, मग घाण दिवसेंदिवस त्याच पट्ट्यात येरझारा घालत राहते. निवटी, कोळंबी, जिताडा यांवर पोट असलेल्या कोळी-आगरी कुटुंबांना त्याचा फटका सर्वांत आधी बसतो.

शहरी पाणीपुरवठ्याच्या हिशेबात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. म्हणजे एक लाख वस्तीमागे रोज एक कोटी लिटरांहून अधिक. या पाण्याचा खरा धोका त्याच्या रंगात किंवा वासात नाही. त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. ही मागणी जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, या मापाने मोजतात. घरगुती सांडपाण्यात ती लिटरला 200 ते 250 मिलिग्रॅम असते, तर स्वच्छ उबदार पाण्यात ऑक्सिजन असतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. एक लिटर कच्चे सांडपाणी साधारण तीस लिटर स्वच्छ पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकते, आणि मासे गुदमरतात ते यामुळेच.

मलप्रक्रिया केंद्रात हेच कुजणे नदीऐवजी टाकीत घडवून आणतात. आधी जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक अडवतात, मग वाळू खाली बसू देतात. ती राहिली तर पंप झिजतात. पुढच्या टाकीत ब्लोअरने तळातून हवा सोडतात आणि तपकिरी गाळाच्या रूपात वाढवलेले जीवाणू सेंद्रिय द्रव्य खातात. हवा थांबली की गाळ खाली बसतो आणि वरचे नितळ पाणी काढून घेता येते. या पद्धतीचे मूळ आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये मँचेस्टर इथे मांडलेल्या प्रयोगांत आहे. त्यांनी तोच गाळ टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरला, आणि सारे यश त्या एका निर्णयात होते. नवी मुंबईतल्या अनेक केंद्रांत भरणे, हवा देणे, निवळणे आणि उपसणे हे चारही टप्पे एकाच टाकीत आळीपाळीने होतात, त्यामुळे जागा वाचते. शेवटी क्लोरीनने रोगजंतू मारतात. जास्तीचा गाळ पिळून वाळवतात.

गाळातले जीवाणू जिवंत ठेवणे हे इथले सर्वांत नाजूक काम. हवा कमी पडली किंवा विषारी रसायन आले तर गाळ बसेनासा होतो आणि पाण्याबरोबर बाहेर जातो. म्हणून लिटरभर मिश्रण उभ्या काचनळीत घेऊन अर्ध्या तासात गाळ किती बसतो हे पाहतात. ही चाचणी साधी, पण बिघाडाची सूचना लवकर देते. बीओडी तपासायला 27 अंश तापमानात तीन दिवस लागतात. एप्रिल 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रक्रिया केलेल्या पाण्यातल्या बीओडीची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम इतकी कडक करण्याचा आदेश दिला.

केंद्राच्या कामाला एक स्पष्ट सीमा आहे: जे पाणी मलवाहिनीतून येते तेवढेच ते शुद्ध करू शकते. कळंबोलीत पावसाच्या पाण्याचे नाले वेगळे आहेत. ते धारण तलावात उतरतात आणि तिथून ओहोटीच्या वेळी खाडीत सुटतात. एखाद्या इमारतीची किंवा टपरीची मोरी या नाल्याला जोडली, तर ती घाण केंद्राला चुकवून थेट खाडी गाठते. कारखान्यांचा प्रश्न आणखी निराळा. ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक परिसरात निळ्या रंगाची कुत्री दिसली आणि कासाडीत सोडल्या जाणाऱ्या रसायनांची चर्चा देशभर झाली. त्या रसायनांसाठी तळोज्यात सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. घरगुती मैल्यासाठी बांधलेल्या टाक्यांतले जीवाणू रंगद्रव्ये आणि जड धातू पचवू शकत नाहीत, म्हणून कासाडीचे पाणी सुधारायचे तर दोन्ही केंद्रे एकाच वेळी नीट चालावी लागतात.