नावाच्या पाट्या कोरणाऱ्या यंत्रातून संवेदक

लेझर कटिंगच्या दुकानात ॲक्रिलिकवर नावाच्या पाट्या कोरणारं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. त्याच जातीच्या यंत्रावर आता घामातलं युरिक ॲसिड मोजणारे संवेदक तयार होतात.

सुरुवात 2014 सालची. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिइमाइड या पिवळसर, उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला. किरण पडला तिथे काळी रेघ उमटली, आणि ती काजळी नव्हती, ग्राफीन होतं. तेवढ्या ठिपक्यापुरतं तापमान अडीच हजार अंशांच्या वर जातं, कार्बनचे ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी असलेले बंध तुटून वायू उसळतात, उरलेला कार्बन षटकोनांत जुळून बसतो. वायूंच्या वाटेने अनारशाला पडावी तशी जाळी पडते. सगळं मर्म या जाळीत आहे : तिच्यातून वीज वाहते आणि रेणूंना टेकायला भरपूर जागा मिळते.

संवेदकाला इलेक्ट्रोड लागतो, आणि ही काळी रेघच तो होऊ शकते. सोन्याचे इलेक्ट्रोड नेहमीच्या पद्धतीने करायचे तर धूळमुक्त खोली आणि निर्वात कक्ष लागतात. इथे आकृती संगणकावर काढली की काही मिनिटांत इलेक्ट्रोड हातात. आकृती फसली तर लगेच दुसरी!

पण नुसता इलेक्ट्रोड काही ओळखत नाही. युरिक ॲसिडचं त्यातल्या त्यात सोपं; ठरावीक व्होल्टेजला त्याचं आपोआप ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून वाहणारा विजेचा प्रवाह मोजता येतो. कॅलटेकमध्ये वेई गाओ यांच्या गटाने घामासाठी हेच केलं. गाउटच्या रुग्णांना त्याचा उपयोग. ग्लुकोजसाठी मात्र विकर लागतं, विषाणूच्या प्रथिनासाठी प्रतिपिंड. मातीतल्या नायट्रेटसाठी आयोवा स्टेट विद्यापीठाने 2018 मध्ये ग्राफीनवर आयन निवडणारा पॉलिमरचा पडदा चढवला.

म्हणूनच अशा संवेदकांना ‘झटपट’ म्हटलं, तर ते विशेषण मला निम्म्याच कामाला शोभतं असं वाटतं. लावलेला प्रतिपिंड उन्हाळ्यात टिकतो का, एकाच नमुन्याला संवेदकाच्या दोन पट्ट्या एकच आकडा देतात का, हे तपासायला महिने लागतात. खरी मेहनत आणि पैसा तिथेच लागायला हवा.

पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आहे. लेझर कटर आता अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतही असतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मित्रांना सोबत घेऊन हे करून पाहावं. फक्त पॉलिइमाइडचा धूर विषारी असतो, तो बाहेर ओढून नेणारी सोय असल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. आणि पीव्हीसीवर लेझर कधीच चालवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो.