नागपुरी संत्र्याचे प्रजनन व प्रसार

नागपुरी संत्रे (नागपूर-वऱ्हाडाच्या बोलीत ‘संत्रा’) हे रुटेसी कुलातील एक सदाहरित, मध्यम उंचीचे फळझाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव सायट्रस रेटिक्युलाटा असे असून लिंबू, मोसंबी, पपनस व महाळुंग ही त्याच्याच प्रजातीतील झाडे होत. विदर्भातील नागपूर, अमरावती व वर्धा हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर हा भाग त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. २०१४ मध्ये ‘नागपूर संत्रा’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले.

इतर सपुष्प वनस्पतींप्रमाणे संत्र्यालाही फुले येतात, त्यांचे परागण होते आणि फळात बिया तयार होतात. तथापि त्या बीतून उगवणारे रोप बहुतेक वेळा दोन जनकांचे अपत्य नसते. ते मातृवृक्षाचीच प्रतिकृती असते. शिवाय बागेत लावले जाणारे झाड बीपासून वाढवलेले नसून कलम केलेले असते. अशा रीतीने एकाच झाडाची पुनरावृत्ती होत या फळाचा विदर्भभर प्रसार झाला. त्याची सर्वत्र सारखी असणारी चव आणि एकाच रोगाला सर्व बागांनी सारखेच बळी पडणे, या दोन्ही गोष्टींचे मूळ या प्रजननपद्धतीत आहे.

उगम

लिंबूवर्गीय झाडांचे मूळ स्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश, म्हणजे आसामपासून उत्तर म्यानमार व चीनच्या युनान प्रांतापर्यंतचा पट्टा, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी तेथून या वनस्पती आशियात इतरत्र पसरल्या. मेघालयातील गारो टेकड्यांत नोकरेक परिसरात आजही रानसंत्र्याची झाडे आढळतात आणि तेथे लिंबूवर्गीय वनस्पतींसाठी राखीव क्षेत्र आहे.

नागपुरी संत्र्याचे चीनमधील ‘पोंकन’ या संत्र्याशी निकटचे साम्य आहे. नागपूरच्या भोसले घराण्यातील रघुजीराजांनी औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) रोपे आणवून आपल्या बागेत लावली, अशी परंपरागत माहिती आहे.

वाढ

संत्र्याचे पान साधे दिसत असले, तरी वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते संयुक्त पान असून त्याचे एकच पर्णक शिल्लक राहिले आहे. देठ व पाते यांमध्ये दिसणारा सांधा ही त्याचीच खूण होय. पान उजेडात धरल्यास तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. मुळांवर मूलरोम कमी असतात. त्यामुळे जमिनीतील सहजीवी कवकांच्या साहाय्याने झाड अन्नद्रव्ये, विशेषतः स्फुरद, मिळवते. अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात. पाण्याचा निचरा न होणाऱ्या भारी काळ्या जमिनीत ती गुदमरतात व कुजतात.

झाडाची वाढ वर्षभर सारख्या गतीने होत नाही. मध्य भारतात हिवाळ्याच्या अखेरीस, पावसाळ्याच्या सुरुवातीस व पावसाळा संपताना अशी साधारणपणे तीन वेळा नवी पालवी फुटते. तिला ‘नवती’ म्हणतात. फुले या नवतीवरच येत असल्यामुळे नवती जोमदार असणे हे फळधारणेसाठी आवश्यक असते.

बहार

फुलोरा येण्यासाठी झाडाची वाढ काही काळ थांबावी लागते. या विश्रांतीच्या काळात पानांनी तयार केलेले अन्न नव्या फांद्यांवर खर्च न होता साठून राहते आणि कळ्यांचे पानांऐवजी फुलांत रूपांतर होते. समशीतोष्ण प्रदेशाच्या कडेला हे काम थंडी करते. विदर्भात थंडी आणि पाण्याची टंचाई असे दोन मार्ग उपलब्ध असल्याने वर्षातून एकाहून अधिक वेळा फुले येऊ शकतात. पाणी तोडून झाडाला विश्रांती देण्यास ‘ताण देणे’ आणि ठरावीक हंगामाचा फुलोरा राखण्यास ‘बहार धरणे’ असे म्हणतात.

आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, येणाऱ्या फुलोऱ्याला आंबिया बहार म्हणतात. त्याची फळे दिवाळीच्या आसपासपासून डिसेंबरपर्यंत तयार होतात. मृग नक्षत्राच्या पावसावर, जून-जुलैमध्ये येणारा तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीनंतर उतरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फुलोऱ्यास हस्त बहार म्हणतात. तो कमी प्रमाणात धरला जातो. फुलापासून तोडणीपर्यंत सुमारे आठ ते नऊ महिने लागतात.

आंबिया बहाराची कोवळी फळे भर उन्हाळ्यात वाढत असल्याने त्याला ओलिताची हमी लागते. उलट मृग बहार पावसाच्या वेळेवर अवलंबून असतो. पाऊस लांबला, तर ताण बसलेल्या झाडाला वेळेवर पाणी मिळत नाही आणि बहार फुटत नाही. ताण प्रमाणाबाहेर गेल्यास पाने गळतात व फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. अशा वाळलेल्या काड्यांना ‘सल’ म्हणतात.

फूल व परागण

फूल पांढरे, सुवासिक व द्विलिंगी असते. साधारणतः पाच जाड पाकळ्या, त्यांच्या आत सुमारे २० पुंकेसर आणि मध्यभागी किंजपुट अशी त्याची रचना असते. किंजपुटाच्या तळाशी असलेल्या वलयाकार चकतीतून मध स्रवतो. त्यासाठी सातेरी, फुलोरी व आग्या या मधमाश्या फुलांवर येतात आणि त्यांच्या अंगाला चिकटलेले पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात पोहोचतात.

एका झाडावर येणाऱ्या फुलांपैकी फारच थोड्यांची पक्व फळे होतात. उरलेली फुले व वाटाण्याएवढी कोवळी फळे गळून पडतात. उपलब्ध अन्नावर जितकी फळे पोसता येतील तितकीच झाड ठेवते. त्यामुळे काही प्रमाणातील गळ नैसर्गिक असून ती सर्वच रोगामुळे होते असे नाही.

फलन व बहुभ्रूणता

परागकण किंजल्कावर रुजल्यानंतर त्याची नलिका बीजांडापर्यंत वाढत जाते. तेथे सपुष्प वनस्पतींचे वैशिष्ट्य असलेले द्विफलन घडते. दोन नरयुग्मकांपैकी एकाचा अंडकोशिकेशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसऱ्याचा मध्यवर्ती केंद्रकांशी संयोग होऊन भ्रूणाचे पोषण करणारा पुष्क तयार होतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सेर्गेई नावाशिन यांनी ही प्रक्रिया १८९८ मध्ये उघडकीस आणली.

संत्र्यात याच्या जोडीला आणखी एक प्रक्रिया चालते. अंडकोशिकेभोवती प्रदेह नावाची ऊती असते. ती पूर्णपणे मातृवृक्षाची असते व तिच्यात परागाचा अंश नसतो. या ऊतीतील काही कोशिका संयोगाशिवायच विभाजित होऊन भ्रूणांचे रूप घेतात आणि भ्रूणकोशात घुसतात. तेथे त्या पुष्कातील अन्नावर वाढतात. संयोगातून निर्माण झालेला भ्रूण या स्पर्धेत अनेकदा मागे पडतो किंवा नष्ट होतो. म्हणून बी तयार होण्यास सामान्यतः परागणाची गरज असते, परंतु परागाचा वारसा पुढील पिढीत बहुधा पोहोचत नाही.

एका बीत अनेक भ्रूण असण्याच्या या स्थितीस बहुभ्रूणता म्हणतात. संत्र्याची बी पेरल्यावर तिच्यातून कधीकधी दोन-तीन रोपे उगवतात, ती यामुळेच. डच निरीक्षक आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १७१९ मध्ये संत्रावर्गीय फळाच्या बीत प्रथम ही गोष्ट पाहिली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी १८७८ मध्ये हे जादा भ्रूण प्रदेहातून निर्माण होतात हे दाखवले. पपनस व महाळुंग यांच्या बीत मात्र एकच भ्रूण असतो आणि तो संयोगातून तयार झालेला असतो. त्यामुळे त्यांची रोपे एकमेकांहून भिन्न निघतात. या फरकामागे एका विशिष्ट जनुकाच्या नियंत्रक भागात शिरलेला डीएनएचा छोटा तुकडा आहे, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

फळ व बी

संत्र्याची प्रत्येक फोड म्हणजे किंजपुटाचा एक कप्पा होय. नागपुरी संत्र्यात साधारणतः १० ते ११ फोडी असतात. कप्प्याच्या आतील भिंतीवर उगवणारे केस रसाने फुगतात आणि त्यांच्याच रसपिशव्या होतात; आपण खातो तो भाग हाच. सालीच्या बाहेरील थरात सुगंधी तेलाच्या ग्रंथी असतात, तर आतील थर पांढरा व भुसभुशीत असतो. रात्री थंड होऊ लागल्या की सालीतील हरितद्रव्य कमी होऊन नारिंगी रंग खुलतो. उष्ण प्रदेशात फळ आतून पिकले तरी साल हिरवट राहू शकते.

गोड गर व भडक रंग यांचे मूळ प्रयोजन प्राण्यांना आकर्षित करणे हे आहे. फळ खाणारा प्राणी बी मातृवृक्षापासून दूर नेऊन टाकतो आणि तेथे नवे झाड उगवू शकते. बाजारपेठेत मात्र ही साखळी तुटते. नागपूरच्या गांधीबाग, इतवारी किंवा महाल अशा गजबजलेल्या भागांत खाल्लेल्या संत्र्याची बी मातृवृक्षापासून कित्येक किलोमीटर दूर येते खरी, पण फरसबंदीवर किंवा कचऱ्यात पडून वाळते. लिंबूवर्गीय बी वाळवण सोसत नाही. वाळल्यावर तिची उगवणक्षमता झपाट्याने कमी होते. फळाचा प्रवास जितका वाढला, तितका बीद्वारे होणारा प्रसार निरर्थक ठरला आणि झाडाचा विस्तार पूर्णपणे माणसाच्या हाती आला.

कलमाद्वारे प्रसार

बीतून मातृवृक्षासारखेच झाड मिळत असताना कलम का करावे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. बीपासून वाढलेले झाड बाल्यावस्थेत दीर्घकाळ राहते. ते काटेरी व उंच होते आणि फळावर येण्यास बरीच वर्षे घेते. कलमासाठी घेतलेला डोळा मात्र प्रौढ झाडाचा असल्याने कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळे देऊ लागते. दुसरे कारण मुळांचे आहे. विदर्भातील जमिनीत संत्र्याच्या स्वतःच्या मुळांपेक्षा जंबेरी किंवा रंगपूर लिंबू यांची मुळे अधिक उपयुक्त ठरतात. कर्नाटकातील कुर्ग आणि मेघालयातील खासी संत्र्यांची लागवड मात्र परंपरेने बीपासून केली जाते.

खुंटासाठी ताज्या फळांतून काढलेली जंबेरीची बी वाफ्यात पेरतात. जंबेरीही बहुभ्रूण असल्याने बहुतेक रोपे एकसारखी निघतात. फार खुजी किंवा वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकली जातात. खोड पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर त्याच्या सालीत काप घेऊन निवडलेल्या मातृवृक्षाचा ढालीच्या आकाराचा डोळा बसवतात व पट्टीने बांधतात. याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. डोळा फुटून वाढू लागल्यावर त्याच्या वरचा खुंटाचा भाग छाटला जातो. अशा झाडाची मुळे जंबेरीची आणि फांद्या व फळे संत्र्याची असतात. जनुकीय अभ्यासानुसार जंबेरी व रंगपूर लिंबू हे दोन्ही संत्रावर्गीय झाड व महाळुंग यांच्या संकरातून उत्पन्न झाले आहेत. म्हणजे खुंट व कलम यांचे नाते दूरचे नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजनाघाट हे गाव अशा रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, अचलपूर व चांदूर बाजार या तालुक्यांत संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. विदर्भाबाहेर राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातही नागपुरी संत्र्याची लागवड होते. सहा बाय सहा मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात.

एकसारखेपणाचे फायदे व धोके

एकसारख्या झाडांमुळे फळांचा आकार, चव व तोडणीचा काळ यांत मेळ राहतो आणि व्यापार सोपा होतो. परंतु जी झाडे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ समान असतात, त्यांची रोगप्रतिकारक्षमताही समान असते. रोगाला तोंड देऊ शकणारे एखादे वेगळे झाड बागेत असण्याची शक्यता कमी असते.

कलमाबरोबर रोगही पसरू शकतो. ट्रिस्टेझा विषाणू व हरितरोगाचे जिवाणू रोगट डोळ्याबरोबर नव्या रोपात जातात. पुढे मावा ट्रिस्टेझाचा, तर सिट्रस सिला हा कीटक हरितरोगाचा प्रसार करतो. फायटोप्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे मूळकूज व डिंक्या हे रोग होतात. रोपवाटिकेची माती दूषित असल्यास रोपाच्या मुळांबरोबर तो थेट शेतात पोहोचतो. डोळा जमिनीलगत भरला असेल किंवा कलमाचा सांधा मातीत गाडला गेला असेल, तर डिंक्याचा धोका वाढतो. रोगट रोप लावतेवेळी निरोगी दिसू शकते. त्यामुळे दोष लक्षात येईपर्यंत शेतकऱ्याची चार-पाच वर्षांची मेहनत व खर्च झालेला असतो आणि नव्याने लागवड केल्यास तेवढाच काळ पुन्हा थांबावे लागते.

संशोधन

नागपूर येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र स्थापन झाले. ते आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. रोगमुक्त मातृवृक्ष मिळवण्यासाठी तेथे अग्रकलम तंत्र वापरले जाते. फांदीच्या टोकावरील वर्धनशील ऊतीत विषाणू सहसा पोहोचलेला नसतो. म्हणून अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असे हे टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून निर्जंतुक परिस्थितीत कोवळ्या खुंटावर बसवतात. प्रदेहापासून झालेली रोपेही बहुतांशी विषाणूमुक्त असतात, कारण यांपैकी बरेच विषाणू बीतून संक्रमित होत नाहीत.

बहुभ्रूणता रोपवाटिकेस उपकारक असली, तरी नवे वाण निर्माण करणाऱ्या संशोधकांपुढे ती अडचण उभी करते. संकर घडवून आणला तरी बहुतेक रोपे मातृवृक्षाचीच निघतात आणि खरे संकरित रोप शोधून काढावे लागते. त्यासाठी डीएनए चाचणी वापरतात. त्रिपर्णी संत्र्याचे पराग वापरल्यास हे काम डोळ्यांनीही करता येते, कारण तीन पर्णकांची पाने हा प्रभावी गुण संकरित रोपांत उमटतो. याशिवाय एखाद्या झाडाच्या फांदीवर उत्परिवर्तनाने वेगळी फळे येतात. कमी बियांची फळे देणाऱ्या अशा फांद्या निवडून त्यांचे डोळे भरले जातात. खुंटाच्या बाबतीत मूळकूज सहन करणाऱ्या जाती शोधणे हा संशोधनाचा प्रमुख विषय आहे, कारण विदर्भातील बागांचे आयुष्य फळापेक्षाही मुळांच्या टिकाऊपणावर अवलंबून असते.