खेळाचा संगणक घेताना



संगणकावरचे खेळ हा विषय घेऊन मी आपल्यापुढे आलो, याचे काहींना नवल वाटेल. "अहो, पोरांनी अभ्यास करायचा की खेळ खेळायचे?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आज मी त्यात शिरत नाही. मला बोलायचे आहे ते पैशांविषयी. मुलाने हट्ट धरला आणि बापाने होकार दिला, की कष्टाचे पैसे दुकानात जातात. ते पाण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सोयाबीनचे पैसे हाती येताच तालुक्याहून मुलाला संगणक आणून दिला. दुकानदार म्हणाला होता, "काका, आय-सेव्हन आहे, आणि कार्ड चार जीबीचं. आणखी काय पाहिजे?" घरी खेळ लावला, तर चित्र अडखळत चाले. बापलेक पावती घेऊन माझ्याकडे आले. पावतीवर लिहिले होते आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर! कार्डही तसेच जुनेपुराणे. दुकानदार शब्दानेही खोटे बोलला नव्हता. साल सांगायचे मात्र त्याने टाळले होते. वडील म्हणाले, "सर, बैल घेताना मी दात बघतो. इथं काय बघायचं, ते कुणी सांगितलंच नाही."

ते काय बघायचे, हेच आज सांगतो.

आधी खेळ चालतो कसा ते पाहू. पडद्यावरचे हलते चित्र सिनेमासारखेच अनेक स्थिर चित्रांचे बनलेले असते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. खेळात ६० मिळाली तर डोळ्यांना सुख वाटते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २० लाख ७३ हजार ६००. सेकंदाला साठ वेळा एवढे ठिपके रंगवायचे, म्हणजे १२ कोटी ४४ लाखांवर काम झाले. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. वर्ग टक्क जागा होईल.

हे काम दोघे वाटून घेतात. भातलावणी आठवा. कुठल्या खाचरात आधी लावायचे, पाणी कुठून वळवायचे, हे कारभारी ठरवतो. मग बाया ओळीने वाकतात आणि एकच काम सगळ्याजणी एकाच वेळी करतात. प्रोसेसर हा कारभारी. गडी कुठे धावला, गोळी कुणाला लागली, हा हिशेब त्याचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लावणीची ओळ. ठिपके रंगवणे हे तिचे काम. कोअर आय३-१२१००एफ या प्रोसेसरात चारच कोअर, म्हणजे चार हुशार कारभारी, आहेत. उलट रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डात साधे काम करणारे लहान लहान हात आहेत १७९२! कारभारी सुस्त असला तर बाया बांधावर बसून राहतात. बाया कमी असल्या तर कारभारी नुसता ओरडत राहतो. तात्पर्य, जोडीतला जो मंद, त्याच्या चालीने खेळ चालतो. खिलारी बैलाशेजारी मरतुकडा जुंपला, तर खिलारीचे पैसे फुकट गेलेच की!

आता निवड. हात आखडता असेल तर वेगळे कार्ड घेऊच नका. ज्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, असा प्रोसेसर घ्या. २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी हा त्याचा नमुना. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे खेळ, चित्राचा थाट थोडा उतरवला, तर यावर खेळता येतात. मात्र याला स्वतःची वेगळी स्मृती नसते. तो संगणकाच्या रॅमवरच भागवतो. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पाटांनी पाणी आले की शेत लवकर भिजते, तसेच हे. पुढे पैसे साठले की याच संगणकात वेगळे कार्ड बसवता येते.

थोडी अधिक ऐपत असेल, आणि मुलाला सायबरपंक २०७७ सारखे मोठ्या देखाव्याचे खेळ हवे असतील, तर वेगळे कार्ड लागेल. तेव्हा प्रोसेसर मध्यम घ्यावा आणि जास्त पैसा कार्डात घालावा. वर सांगितलेला आय३ आणि आरएक्स ६६०० ही जोडी नीट जुळणारी आहे. प्रोसेसर २०२२ चा, कार्ड २०२१ चे, स्मृती ८ जीबी. आणि गंमत अशी, की हा आय३ त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. दोघांचेही कोअर चारच. पण मधे अकरा वर्षे गेली आहेत. नावातला तीन-सात पाहू नका, साल पाहा.

नावाच्या शेवटची अक्षरेही वाचा. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असला तर पोटात ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. कार्डाची स्मृती मोठी म्हणून कार्ड जोरकस, असेही नाही. कोठार मोठे असले म्हणून पीक वाढत नाही. जीटी १०३० हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत निघाले. एकाच्या स्मृतीचा वेग दुसऱ्याच्या सुमारे एक तृतीयांशच आहे. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा घ्या, तिथे काटकसर नको. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच जोडा बरं का! ती मागच्या जुन्याच जागी ठेवून "कार्ड चालत नाही" म्हणणारे मी पाहिले आहेत.

घरी संगणक आहेच आणि खेळ अडखळतो, तर पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचे रेझोल्यूशन कमी करा. वेग वाढला, तर अडचण कार्डात आहे. वेग होता तेवढाच राहिला, तर कार्डाला दोष देऊ नका. बहुधा प्रोसेसर थकला आहे. जो बैल मागे पडतो, तोच बदलावा.

त्या मुलाच्या संगणकाचे दोन्ही बैल म्हातारे निघाले. त्यावर आता तो टंकलेखन शिकतो. वडील पुढल्या हंगामाची वाट पाहत आहेत. पण या वेळी दुकानात जाण्याआधी प्रोसेसरचे पूर्ण नाव, कार्डाचे पूर्ण नाव आणि दोघांची साले कागदावर लिहून मागणार आहेत. दात बघायला ते आता शिकले आहेत. आपणही हा कागद मागावा, आणि दुकानदार तो देईना, तर मुकाट्याने पुढच्या दुकानाची पायरी चढावी.