हँडल सुटलं पाहिजे

वसईतल्या निर्मळच्या तलावापासून भुईगावकडे जा, गासकडे जा नाहीतर वाघोलीकडे, रस्त्याच्या कडेला वाडी लागतेच. केळी, पानवेल, फुलझाडं, भाजीचे वाफे. जुन्या वाडीत विहीर किंवा बावखल (छोटं तळं) असतं आणि कुठे कुठे त्याच्या काठावर सिमेंटचा एक चौथरा अजून दिसतो. गंजलेले चार बोल्ट त्यातून वर आलेले असतात. एकेकाळी तिथे ऑइल इंजिन होतं. आता विजेचा पंप आहे आणि चौथऱ्यावर पाइपांची भेंडोळी ठेवलेली असतात.

त्या इंजिनांची आठवण निघाली की लोक आवाजाबद्दल बोलतात, धुराबद्दल बोलतात, किती अश्वशक्तीचं होतं ते सांगतात. ते चालू कसं व्हायचं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. विजेची मोटर जागच्या जागी जोर लावू शकते, इंजिनाला ते जमत नाही. त्याने आधी हवा ओढून घ्यायची, ती दाबायची, मग कुठे पहिला स्फोट होणार. म्हणजे आधी दुसऱ्या कोणीतरी ते फिरवायला हवं. आणि फिरवणारा हात, पाय किंवा मोटर इंजिन पेटताच त्याच क्षणी बाजूला व्हायला हवी. धरायचं आणि वेळेवर सोडायचं, ही दोन्ही कामं एका छोट्या भागाकडे असतात. वाडीतल्या इंजिनापासून आजच्या स्कूटरपर्यंतचा हा मागोवा त्या भागाचा आहे.

इंजिनाच्या आधी वसईच्या वाड्या रहाटावर भिजत. त्याला चालू करायची वेगळी विद्या लागत नसे, जनावर चालू लागलं की पाणी वर यायचं. जनावर थांबलं की भरलेल्या गाडग्यांचं वजन चाकाला मागे ओढायचं, म्हणून रहाटाला बहुधा दात्यात अडकणारा अडसर असायचा. पुढे फिरू द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही हेच घडतं. पायडल मारलं की आतले ‘कुत्रे’ म्हणजे खिट्ट्या दात्यांत अडकतात आणि पाय थांबवले की टकटक करत घसरत राहतात. इंजिन चालू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यंत्रणेच्या मुळाशी ही एवढीच कल्पना आहे.

महाराष्ट्रात ही इंजिनं घडवणारी घरं ठाऊक असलेलीच आहेत. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला आणि पुढे तिथे डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून झाली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली ती १९४६ मध्ये. त्यांचं पाच अश्वशक्तीचं, मिनिटाला १५०० फेरे घेणारं एका सिलिंडरचं ‘एव्ही-१’ इंजिन देशभर शेतावर पोचलं. त्याशिवाय इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीची, मिनिटाला जेमतेम ६५० फेरे घेणारी संथ इंजिनं होती. त्यांचे सुटे सुटे ठोके कानाला मोजता येत.

हँडल मारायची पद्धत नीट लिहून ठेवण्यासारखी आहे. आधी डिझेलचा नळ उघडायचा आणि वंगण बघायचं. मग सिलिंडरच्या डोक्यावरचं डिकॉम्प्रेशनचं लिव्हर उचलायचं. त्याने व्हॉल्व्ह उघडा राहतो, आतली हवा दाबली जात नाही आणि फ्लायव्हील हाताने फिरू शकतं. शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावर हँडल बसवायचं. त्या टोकाला खाच किंवा आडवी पिन असते आणि हँडलच्या नळीचं तोंड एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने तिरकं कापलेलं असतं. फिरवताना सरळ बाजू पिनेला धरते. हळूहळू वेग वाढवत न्यायचा आणि फ्लायव्हीलने पुरेसा जोर धरला की दुसऱ्या हाताने लिव्हर पाडायचं. एक ठोका, दुसरा, आणि इंजिन पेटतं. आता शाफ्ट हातापेक्षा जोरात फिरू लागतो, पिन पुढे धावते, तिरक्या कडेवर चढते आणि हँडलला बाहेर ढकलून देते. तुम्ही फक्त ते धरून मागे सरायचं.

एवढा साधा तिरका काप. पण त्याच्यावर गंज चढला, कडा झिजून गोल झाली किंवा टोकावर ग्रीस लावायचं राहिलं, तर हँडल सुटत नाही. मग ते शाफ्टबरोबर गरगर फिरतं आणि सुटलंच तर कुठे जाऊन आदळेल याचा नेम नसतो. म्हणून जाणती माणसं आधी हँडलचं तोंड पुसायची, बोटाने ग्रीस लावायची आणि मगच हात घालायची.

त्याहून वाईट असायचा उलटा फटका. वेग पुरेसा नसताना लिव्हर पाडलं तर दाबलेली हवा किंवा अवेळी झालेला स्फोट पिस्टनला मागे लोटतो आणि शाफ्ट उलटा फिरतो. इथे तिरका काप काही करू शकत नाही, कारण तो पुढे सुटण्यासाठी कापलेला आहे. उलट्या दिशेला पिन सरळ बाजूवर घट्ट बसलेली असते आणि सगळा झटका मनगटात येतो. म्हणून शिकवताना पहिली ताकीद अंगठ्याची असायची. अंगठा हँडलला वळसा घालून धरायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे फटका बसला तरी हँडल मुठीतून निसटेल. यंत्रात जी सोडवणूक नव्हती, ती माणसाने हाताच्या पकडीत आणली होती. हे मला त्या पिढीचं मोठं कसब वाटतं.

त्या कसबाची एक किंमतही होती. हँडल मारायला अंगात जोर लागायचा, म्हणून इंजिन चालू करणं हे घरातल्या एकदोन पुरुषांचं काम ठरलं. निंदणी, तोडणी, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणं, असं वाडीचं बरंचसं काम बायका करत. पाणी मात्र कोणी पुरुष येऊन हँडल मारेपर्यंत थांबायचं. कोणाला यंत्राला हात लावता येतो, हे कायद्याने किंवा रूढीने ठरण्याआधीच त्या लोखंडी तोंडाने ठरवलेलं असायचं.

मोटारींच्या जगात हा प्रश्न आधीच ऐरणीवर आला होता. हँडलच्या उलट्या फटक्याने एका परिचिताचा जीव गेल्यावर कॅडिलॅकचे हेन्री लिलंड यांनी हँडल घालवायचा निश्चय केला, असं सांगितलं जातं. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. त्यांनी बॅटरी आणि मोटर जोडली हे सगळेच सांगतात. पण इंजिन पेटल्यावर मोटर मोकळी करणारा एकदिशा क्लच त्यात नसता, तर ती रचना टिकली नसती. हिशेब करून बघा. मोटरचा लहान पिनियन फ्लायव्हीलच्या मोठ्या रिंगला साधारण एकास बारा या प्रमाणात फिरवतो असं धरा. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवायला मोटरने २४०० फेरे घ्यायचे. इंजिन पेटून २५०० वर गेलं आणि पिनियन अडकूनच राहिला, तर मोटरला ३०,००० फेरे घ्यावे लागतील. आतली तार उखडून मोटर फुटेल.

यावर व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी काढलेली युक्ती १९१४ च्या शेवरोलेमध्ये आली आणि पुढे जगभर गेली. पिनियन आटे पाडलेल्या दांड्यावर सैल बसवलेला असतो. मोटर एकदम फिरली की जड पिनियन मागे रेंगाळतो, त्यामुळे आट्यांवरून सरकत पुढे जाऊन रिंगला भिडतो. इंजिन पेटलं की रिंग त्याला मोटरपेक्षा जोरात फिरवते आणि तो त्याच आट्यांवरून मागे फेकला जातो. वेगातला फरक हाच त्याचा हुकूम, आत यायलाही आणि बाहेर जायलाही. गॅरेजमधला कारागीर आजही ‘बेंडिक्स गेला’ असं म्हणतो, मग आत नव्या पद्धतीचा सोलेनॉइडचा स्टार्टर का असेना.

सेल्फ स्टार्टर आला तरी बॅटरी उतरायचीच. म्हणून जीपला आणि अँबॅसडरला हँडल घालायची सोय पुष्कळ वर्षं राहिली. एसटीचा डायव्हर घाटाच्या गावी रात्रीची गाडी उतारावर लावून ठेवायचा. आपली किनारपट्टी सपाट, त्यामुळे प्रवासीच खाली उतरायचे आणि धक्का मारायचे. धक्का स्टार्टमध्ये गाडीचा नेहमीचा क्लचच स्टार्टर होतो. गिअर टाकून क्लच दाबून ठेवायचा, गाडीने वेग घेतला की सोडायचा, चाकं इंजिनाला फिरवतात, आणि पेटताक्षणी पुन्हा दाबायचा. सोडवायचं काम इथे डायव्हरच्या डाव्या पायाचं.

दुचाक्यांचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण किक सगळ्यांनी मारली आहे. आकुर्डीच्या बजाज चेतकने १९७२ पासून घराघरात किक पोचवली. आत दात्यांचा एक पंखा असतो, तो खाली जाताना रॅचेटमधून इंजिन फिरवतो आणि पेटल्यावर रॅचेटचे दाते घसरू लागतात. रिक्षावाले तेच काम सीटजवळचा दांडा हाताने वर ओढून करायचे. येझ्दीमध्ये किकचाच दांडा गिअरचाही होता. लूनाही १९७२ चीच, ती पायडल मारून सुरू व्हायची आणि त्यामुळे साडी नेसलेल्या बाईलाही झेपायची. माझ्या लेखी लूनाचं मोठेपण तिच्या स्वस्ताईइतकंच या सोपेपणात आहे.

पण खरा पालट झाला तो १९८४ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने. गिअर नाही, किकवर भिस्त नाही, बटण दाबायचं. शाळेत शिकवायला जाणाऱ्या, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बायका स्वतःची गाडी स्वतः चालू करून जाऊ लागल्या. श्रेय बटणाला मिळालं. बटणाच्या मागे मॅग्नेटच्या पोटात बसणारा सेल्फ क्लच किंवा वनवे मात्र कोणाला दिसत नाही.

तो उघडून बघितला तर हातात मावेल एवढा. बाहेरच्या कड्यात उतरत्या खाचा, प्रत्येक खाचेत पोलादी रोलर आणि त्याला ढकलणारी बारीक स्प्रिंग. बऱ्याच गाड्यांत असे तीनच रोलर असतात. मोटर फिरवते तेव्हा रोलर खाचेच्या अरुंद टोकाकडे जाऊन पाचर मारल्यासारखे बसतात आणि दोन्ही कडी एक होतात. इंजिन पुढे धावलं की रोलर रुंद टोकाकडे परततात आणि मोटर मोकळी. दाते नाहीत, टकटक नाही. रोलर चपटा झाला, स्प्रिंग दबली किंवा खाचेला वण पडला, की बटण दाबल्यावर मोटर नुसतीच घुर्र करत फिरते, इंजिन ढिम्म. मोठ्या एका सिलिंडरच्या गाडीत बॅटरी अशक्त असताना पुन्हा पुन्हा बटण दाबलं, तर तोच जुना उलटा फटका येतो. आता तो मनगटाऐवजी या रोलरांना बसतो. मला ही फार चांगली अदलाबदल वाटते. रोलर बदलता येतात.

वाड्यांत याच काळात विजेचे पंप आले आणि इंजिनं चौथऱ्यावरून उतरली. हँडलच्या त्रासातून सुटका झाली याचा आनंदच आहे, पण पाणी उपसण्यावरचा एक लगामही त्याबरोबर गेला. रहाटाला जनावराच्या दमाची मर्यादा होती, इंजिनाला डिझेलची आणि मनगटाची. बटणाला कसलीच नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा विहिरी खाऱ्या होण्याची भीती खरी होती. याचा दोष पंपाला देता येणार नाही. मात्र यंत्र चालू करणं सोपं झालं की ते कधी थांबवायचं हे माणसालाच ठरवावं लागतं, हा हिशेब आपल्या भागात उशिरा मांडला गेला.

कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेतही हा इतिहास क्रमाने दिसत आला. सुकेळीच्या (सुकवलेल्या केळ्यांच्या) दुकानांवर दिवा पेटवायला आधी हँडलचे जनरेटर होते. नंतर दोरी ओढून चालू होणारे छोटे जनरेटर आले. दोरी ओढली की चकतीतले कुत्रे बाहेर येऊन फ्लायव्हीलच्या वाटीत अडकतात, इंजिन पेटलं की मागे सरतात आणि दोरी स्प्रिंगने परत गुंडाळली जाते. सुटून जाणारं हँडल नाही, मनगटावर तेवढा फटका नाही. आज वाडीतलं गवत कापायचं यंत्र असंच दोरीने चालू होतं आणि ते चालवणाऱ्यांत बायकाही असतात.

जानेवारी २०२० मध्ये दोन गाड्या एकापाठोपाठ आल्या. होंडाची अ‍ॅक्टिव्हा ६जी आली, तिच्यात क्रँकशाफ्टवरचा जनरेटरच मोटर होऊन इंजिन फिरवतो आणि पेटल्यावर पुन्हा वीज बनवू लागतो. मोटर कायमची शाफ्टवरच असल्याने सोडवायचं काही उरत नाही. स्टार्टरचे दाते गेले, वनवे गेला, बटण दाबल्यावरची खरखर गेली. त्याच महिन्यात चेतक हे नाव बॅटरीच्या स्कूटरवर परत आलं. तिच्यात इंजिनच नसल्याने चालू करायचा प्रश्न मुळातच मिटला.

माझं एक मागणं आहे, ते जुनी इंजिनं अजून राखून असलेल्यांकडे. वाडीतलं इंजिन भंगारात जातं तेव्हा हँडल आधी वेगळं होतं, कारण ते हातोड्यासारखं कशालाही उपयोगी पडतं. कोणी हौसेने इंजिन रंगवून अंगणात मांडतं, पण त्याच्या शेजारी हँडल नसतं. ते शोधून जवळ ठेवा. तोंडाचा तिरका काप घासून सपाट करू नका, त्यावर रंगही देऊ नका, नुसतं ग्रीस लावा. आणि ज्यांनी ते मारलं आहे त्यांच्याकडून, ते सांगू शकतात तोवर, लिव्हर नेमकं कोणत्या ठोक्याला पाडायचं ते लिहून घ्या. प्रत्येक इंजिनाचं ते वेगळं होतं आणि कारखान्याच्या पुस्तिकेत ते छापलेलं नसायचं.