लहान वेगवान मोटारींतील संवेदक आणि कूलंटच्या नळ्या : नागपूरच्या उन्हाळ्याच्या संदर्भात एक विवेचन

दिनांक ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली. ही नोंद देशभर गाजली. परंतु संवेदकातील बिघाडामुळे ती चुकीची ठरल्याचे भारतीय हवामानशास्त्र विभागाने नंतर स्पष्ट केले. शहराचे उच्चतम तापमान म्हणून २३ मे २०१३ रोजीची ४७.९ अंशांची नोंदच सांगितली जाते. हवामान केंद्राची चूक उघडकीस आली, कारण त्या आकड्याविषयी शंका घेणारी माणसे होती. मोटारीच्या इंजिनातील संवेदक, म्हणजेच सेन्सर, चुकतो तेव्हा मात्र शंका घेणारे सहसा कोणी नसते. इंजिनचा नियंत्रक संगणक त्या आकड्यावर विसंबून इंधन आणि पंखा यांचे निर्णय घेत राहतो. लहान परंतु शक्तिमान मोटारींमध्ये सेन्सर आणि कूलंटच्या नळ्या बदलून ‘सुधारणा’ करण्याची हौस अलीकडे वाढलेली दिसते. या सुधारणेमागील तत्त्वे अभियांत्रिकीबाहेरील प्राध्यापकवर्गासही आकलनीय व्हावीत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वर्गातील दोन परिचित मोटारी महाराष्ट्रातच तयार झाल्या. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली. अवघ्या ११९७ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून ती १०५ अश्वशक्ती देई. रांजणगावची फियाट पुंटो अबार्थ २०१५ मध्ये आली व तिची शक्ती १४५ अश्वशक्तीच्या घरात होती. दोन्हींचे उत्पादन आता थांबले आहे. अर्थात रस्त्यावर उरलेल्या या गाड्या वयस्क आहेत, त्यांचे रबर जुने झाले आहे, आणि मालकांचा उत्साह मात्र तसाच आहे.

टर्बोचार्जर असलेले लहान इंजिन अल्प जागेत पुष्कळ उष्णता निर्माण करते. ती बाहेर टाकण्याची रेडिएटरची क्षमता कूलंट आणि बाहेरील हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट १०० अंशांवर व हवा २० अंशांवर असेल, तर हा फरक ८० अंशांचा होतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा ४६ अंशांवर गेली की तो ५४ वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, हवेचा झोत तोच, पण शीतनक्षमता सुमारे एक-तृतीयांशाने घटली. त्यातच २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेल्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. तेथे भर दुपारी तासन्‌तास एकाच गतीने धावणाऱ्या इंजिनाला उसंत मिळत नाही.

आता नळ्यांचा विचार करू. मूळ नळ्या बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या असून त्यांच्या आत धाग्यांचे मजबुतीकरण असते. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून चिरत जाऊ शकते. धातूची जोडणी, कूलंट आणि नळीतील कार्बनयुक्त रबर मिळून एक सूक्ष्म विद्युतघटच तयार होतो व नळीच्या टोकांजवळ उभ्या चिरा पडतात. म्हणून नळी नुसती पाहून भागत नाही. इंजिन थंड असताना टोकाजवळ बोटांनी दाबून पाहावी लागते. सिलिकॉनची नळी अधिक तापमान सहन करते, ही गोष्ट खरी. मात्र तिच्यातून पाण्याची वाफ ईपीडीएमपेक्षा अधिक झिरपते आणि तिचा पृष्ठभाग मऊ असतो. चिरा असलेली साधी स्क्रूची क्लिप तिच्यावर आवळल्यास ती कापली जाते. आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिपच तेथे योग्य. दुकानातील लाल-निळ्या नळ्यांचा संच महाग असतो. क्लिप मात्र त्याच्यासोबत बहुधा जुन्याच वापरल्या जातात!

नळीचे महत्त्व केवळ गळतीपुरते नाही. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०८ अंशांवर उकळते, तर झाकणाने राखलेल्या सुमारे एक बार जादा दाबाखाली ते १२५ अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाही. बारीक चिरेतून दाब गेला की ही सवलत संपते. पातळी खाली गेल्यावर तापमानाचा सेन्सर द्रवाऐवजी हवेच्या पोकळीत उघडा पडू शकतो व प्रत्यक्षाहून कमी तापमान सांगतो. चालक डायलकडे पाहून निश्चिंत असतो, आणि तेवढ्यात सिलिंडर हेड वाकते.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर होय. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. बॉश कंपनीच्या प्रचलित प्रकारात हा रोध २० अंशांवर २५०० ओहम, ९० अंशांवर सुमारे २४३ आणि १०० अंशांवर सुमारे १८७ ओहम असतो. समजा, जोडणीच्या पिनांवर गंज चढून ५६ ओहमची भर पडली. कूलंट १०० अंशांवर असताना संगणकाला ते ९० वरच दिसेल, पंखा उशिरा फिरेल. गंमत अशी की, तार पूर्ण तुटली तर संगणकाला दोष सहज कळतो, इशाऱ्याचा दिवा लागतो व सामान्यतः पंखा सतत चालू ठेवला जातो. अर्धवट बिघाडच अधिक घातक ठरतो. अशा वेळी नवा ‘उच्च दर्जाचा’ सेन्सर घेण्यापूर्वी जोडणी स्वच्छ करावी, हे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या बाबतीत हौस अधिकच महागात पडू शकते. २.५ बार मर्यादेच्या सेन्सरऐवजी ३ बारचा बसवला, पण संगणकातील कोष्टक बदलले नाही, असे समजू. दोन्हींचे संकेत शून्य ते पाच व्होल्ट असे सरळ प्रमाणात धरल्यास, प्रत्यक्ष २ बार दाब असताना संगणक तो १.६७ बारच समजेल. इंधन सुमारे एक-षष्ठांशाने कमी पडेल आणि दुर्बल मिश्रणामुळे इंजिनात ठोके येऊन पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. संगणकाच्या मापांकनाविना केलेल्या अशा बदलास सुधारणा म्हणता येणार नाही. शक्तिवृद्धीच्या मोहात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ चेही विस्मरण होऊ नये. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल ते कलम निषिद्ध मानते.

नळ्या बदलल्यानंतर प्रणालीतील हवा पूर्ण काढणे आवश्यक असते, अन्यथा अडकलेली हवा गळतीसारखाच धोका उत्पन्न करते. सेन्सरची पडताळणी तर अगदी सोपी आहे. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या मोटारीस पहाटे स्कॅनर जोडावा व इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी. कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान त्या वेळी जवळपास सारखे दिसले पाहिजे व ते भिंतीवरील साध्या तापमापीशीही जुळले पाहिजे. दोन-तीन अंशांचा फरक क्षम्य आहे. तथापि जोडणीतील अल्प रोध थंड अवस्थेत लपून राहतो, कारण २५०० ओहममध्ये ५६ ओहम नगण्यच. त्यामुळे इंजिन तापल्यावर, थर्मोस्टॅटच्या आवरणाचे तापमान स्वतंत्र उपकरणाने मोजून, ही तुलना पुन्हा एकदा करावी लागते.