अवतरणातली जिवंत जागा

रेडिओवर अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. ‘सलमा म्हणाली मी उद्या येते’ असं मी इथे बोललो, तर त्यातली ‘मी’ सलमाच, हे तुम्ही ‘येते’वरून ताडता. संगणकाला असं ताडता येत नाही, त्याला खूण लागते. शब्द कोणाचा, हा आम्हा कविता लिहिणाऱ्यांचा जुना प्रश्न. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही तो छळतो.

‘चिमणी उडते’ यात चिमणी म्हणजे पाखरू. ‘चिमणी’ तीन अक्षरी आहे, असं म्हटलं की उरतो नुसता शब्द. अवतरण शब्दाला गोठवतं. पण पुष्कळदा आपल्याला मजकूर बराचसा गोठलेला हवा असतो आणि मधल्या दोन-चार जागा जिवंत. निकाहनामा घ्या. छापील मजकूर सगळ्यांना सारखाच. नवरा, नवरी, मेहेरची रक्कम एवढंच दर लग्नात नव्यानं भरायचं. अशा अर्ध्या अवतरणासाठी अमेरिकी तत्त्वज्ञ विलार्ड क्वाइन यांनी १९४०च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कोपऱ्यांसारख्या खुणा वापरल्या.

ही युक्ती पुढे लिस्प या संगणकभाषेत रुळली. जॉन मॅकार्थी यांनी तिचं काम १९५८ साली सुरू केलं. तिच्यात प्रोग्रॅम हा स्वतःच एक यादी असतो, त्यामुळे प्रोग्रॅमकडून प्रोग्रॅम लिहवून घेणं सोपं जातं. असं लिहून देणाऱ्या तुकड्याला मॅक्रो म्हणतात. उलटं अवतरणचिन्ह दिलं की पुढचं सारं गोठतं. आत स्वल्पविराम आला की तेवढी जागा जिवंत होते. स्वल्पविरामाला ईमेल पत्त्यातलं ‘अॅट’चं चिन्ह जोडलं, तर साक्षीदारांची यादी गठ्ठ्यानं न चिकटता एकेक नाव सुटं होऊन ओळीत बसतं. अवतरणाच्या पोटात दुसरं अवतरण असेल, तर स्वल्पविराम सर्वांत आतल्या अवतरणाचा. इथे मात्र जाणकारांचीही बोटं अडखळतात.

खरी गोम नावांची आहे. दोन भांड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करणारा मॅक्रो घ्या. त्याला तिसरं, तात्पुरतं भांडं लागतं. लिहिणाऱ्यानं त्याचं नाव ठेवलं ‘पेला’. दूध पेल्यात, पाणी दुधाच्या भांड्यात, मग पेल्यातलं दूध पाण्याच्या भांड्यात. आता वापरणाऱ्याच्या पाण्याच्या भांड्याचंच नाव ‘पेला’ असेल तर? पहिल्याच पायरीला दूध पाण्यावर ओतलं जातं. शेवटी दोन्हीकडे दूध, आणि पाणी गेलं ते गेलंच. बहुतेकदा संगणक तक्रारही करत नाही. चूक महिन्यांनी, भलत्याच ठिकाणी उगवते.

१९८६ साली इंडियाना विद्यापीठातल्या कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि डुबा यांनी यावर उपाय मांडला: नावाचा अर्थ ते जिथे लिहिलं गेलं तिथलाच राहावा. मॅक्रोचा पेला वेगळा, तुमचा वेगळा. याला ते ‘हायजिन’, म्हणजे स्वच्छता म्हणतात. मला शब्द तितकासा पटत नाही. नावं अस्वच्छ नसतात, परक्या घरी गेलेली असतात एवढंच. लिस्पच्याच कुळातल्या स्कीम भाषेच्या १९९८च्या प्रमाण आवृत्तीत ही शिस्त पक्की झाली.

माझ्या मते अर्धअवतरणाची रचना अशीच हवी. जिवंत जागेची खूण छोटी, पण ठळक दिसणारी. आणि गोठलेल्या नावांनी आपलं गाव सोबत न्यावं, लिहिणाऱ्यानं वेगळं काही न करता. रिच हिकी यांची २००७ साली आलेली क्लोजर भाषा निम्मी वाट चालते. तिथे स्वल्पविराम म्हणजे नुसती मोकळी जागा, म्हणून ते काम नागमोडी रेघेकडे दिलंय. गोठलेल्या नावाला त्याच्या गावाचं नाव आपोआप चिकटतं, आणि तात्पुरत्या नावामागे हॅशचं चिन्ह दिलं की दरवेळी नवं, कोणाचंच नसलेलं नाव तयार होतं. मात्र हॅश द्यायची आठवण लिहिणाऱ्यानंच ठेवायची.

कधीकधी मॅक्रोला वापरणाऱ्याचं नाव मुद्दाम पकडायचं असतं. क्लोजरमध्ये तीही मुभा आहे, पण त्यासाठी नागमोडी रेघ आणि अवतरणचिन्ह अशा दोन खुणा लागोपाठ द्याव्या लागतात. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालायचा, तर एवढी खटपट करायला लावणं मला रास्त वाटतं.