न उलगडता वाचलेले ग्रंथ

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने हर्क्युलेनियम नगर गाडले गेले, तेव्हा तेथील एका भव्य वाड्यातील ग्रंथसंग्रहही तप्त राखेच्या लोंढ्याखाली सापडला. आणि नवल असे की, ज्या उष्णतेने तेथील पपायरसच्या गुंडाळ्यांचा कोळसा केला, तिनेच त्यांना कुजण्यापासून वाचविले. इटलीच्या दमट हवेत उघड्यावर राहिलेले त्यांचे समकालीन ग्रंथ केव्हाच मातीस मिळाले. हे मात्र जळाले म्हणून टिकले.

नेपल्सच्या राजाच्या हुकमाने कार्ल वेबर हा स्विस अभियंता भुयारे खोदून त्या वाड्याचा तपास करीत असता १७५२ साली या गुंडाळ्या हाती लागल्या. प्रथम त्या जळकी लाकडे वाटल्या आणि काही फेकूनही दिल्या गेल्या. त्यांत अक्षरे आहेत हे ध्यानी आल्यावर सुरीने त्या उभ्या चिरण्याची, आणि दिसणारा पदर नकलून घेऊन खालच्यासाठी तो खरवडून टाकण्याची रीत पडली. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या ग्रंथालयातून आलेल्या अंतोनिओ पियाज्जो या धर्मगुरूने अधिक दयाळू तजवीज केली. गुंडाळीच्या पाठीवर प्राण्याच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याचे तुकडे चिकटवावे, त्यांना रेशमी दोरे बांधावे आणि वरच्या खुंट्या तसूतसूने फिरवून पदर सोडवीत न्यावा, असे ते यंत्र होते. पहिला ग्रंथ उलगडण्यास सुमारे ४ वर्षे लागली. तो फिलोडेमस या एपिक्युरसपंथीय तत्त्वज्ञाचा संगीतविषयक ग्रंथ निघाला. परंतु इतक्या सबुरीनेही पदर फाटतच, आणि जे वाचले जाई त्याचा काही अंश वाचण्याच्या कृतीतच नष्ट होई.

या कोंडीतून मार्ग काढणाऱ्यांत केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स हे अग्रणी होत. गुंडाळीला हात न लावता क्ष-किरणांनी तिचे अंतरंग टिपावे आणि उलगडण्याचे काम संगणकाने करावे, ही त्यांची कल्पना एन-गेदी येथील जळक्या हिब्रू गुंडाळीवर २०१५ मध्ये यशस्वी झाली. हर्क्युलेनियमची अडचण याहून बिकट होती. कारण तेथील शाई बहुतांशी काजळीची, आणि कोळसा झालेल्या कागदावरची काजळी क्ष-किरणांना वेगळी ओळखू येत नाही.

हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांच्या सर्व जगास खुल्या केलेल्या क्ष-किरण प्रतिमा पाहावयास बसलो म्हणजे या कामाचे स्वरूप उमगू लागते. पडद्यावर ग्रंथाचा आडवा छेद असतो. कापलेल्या सुरळीच्या वडीप्रमाणे पदरावर पदर, परंतु दबलेले, मुरडलेले, जागोजागी एकमेकांत मिसळलेले. एक पदर धरावयाचा, त्याच्या वळणावर बिंदू ठेवीत जावयाचे, मग पुढच्या छेदात तोच पदर पुन्हा ओळखावयाचा. जेथे दोन पदर चिकटून एक झाले आहेत तेथे दृष्टी अडते. तेथे बिंदू शेजारच्या पदरावर घसरला, तर एका स्तंभातील ओळ दुसऱ्या स्तंभात जाऊन बसेल आणि वाक्याचा अर्थच हरपेल. संगणकाचे साहाय्य असूनही या कामात पियाज्जोच्या खुंट्यांचीच मंद गती आहे.

पदर सपाट झाला तरी तो कोराच दिसतो. २०२३ मध्ये 'व्हेसुव्हियस चॅलेंज' ही स्पर्धा सुरू झाल्यावर केसी हॅन्डमर यांनी कित्येक तास या प्रतिमा न्याहाळल्या आणि वाळलेल्या चिखलास पडाव्यात तशा सूक्ष्म भेगा शाईच्या जागी त्यांना दिसल्या. तो धागा धरून ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने संगणकाला शाई ओळखण्यास शिकविले, आणि त्याच वर्षी 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द प्रकट झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत युसूफ नादेर, फॅरिटर आणि ज्युलियन शिलिगर यांनी एका गुंडाळीतील १५ स्तंभांमधील २,००० हून अधिक अक्षरे दृष्टीस आणली. दुर्मीळ वस्तू विपुल वस्तूंहून अधिक सुखद असतात काय, याचा विचार त्या मजकुरात चालला आहे.

येथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाई शोधणाऱ्या त्या यंत्रणेला ग्रीक भाषा शिकविलेली नव्हती. ती केवळ लहानशा तुकड्यात शाई आहे की नाही एवढेच सांगे. तरीही त्या खुणांतून ग्रीक अक्षरे उमटली, म्हणून ती विश्वासार्ह. आणि त्या अक्षरांचे शब्द, शब्दांचे वाक्य करण्याचा अधिकार आयुष्यभर जुन्या हस्ताक्षरांत राबलेल्या पंडितांकडेच राहिला.

शेकडो गुंडाळ्या आजही मिटलेल्या आहेत. ज्यांच्या हाती सुरी होती आणि कुतूहलही होते, तरीही ज्यांनी त्या तशाच कपाटात जपून ठेवल्या, त्या रक्षकांची नावे कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येणार नाहीत. परंतु आजच्या वाचनाचा पहिला वाटा त्यांचाच आहे. पुढे येणारा आपल्यापेक्षा अधिक जाणता असेल असे मानून आपली जिज्ञासा आवरणे, हीही विद्येची सेवाच होय. आणि आपल्या हाती असलेल्या प्रत्येक जीर्ण दस्तऐवजापुढे आपलेही तेच कर्तव्य आहे.